लेकीचा तिरळेपणा: ॲट्रोपिन, चष्मा आणि पट्टी

लेक तीन वर्षांची होत आली तेव्हा जेवताना, चित्रं बघताना तिचा उजवा डोळा नाकाकडे वळायला लागला. दमली की जास्तच. सासूबाई म्हणाल्या, "अगं, भाग्याचं लक्षण आहे. मोठी झाली की जाईल." पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाची नजर अधूनमधून भरकटते, ती खरंच आपोआप स्थिरावते. या वयात सुरू झालेला तिरळेपणा मात्र तसा सोडून द्यायचा नसतो. एकाच्या दोन वस्तू दिसू नयेत म्हणून मेंदू वळलेल्या डोळ्याचं चित्र बाजूला टाकतो, आणि तो डोळा नीट बघायला शिकतच नाही.

बालरोगतज्ज्ञांनी टॉर्च धरून बुबुळावरचा चमकता ठिपका पाहिला. डाव्यात मधोमध, उजव्यात सरकलेला. नाकाचा वरचा भाग रुंद असला की डोळे नुसते तिरळे भासतात. हिचं तसं नव्हतं. त्यांनी गंगापूर रोडला लहान मुलांच्या नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं.

चष्म्याचा नंबर काढण्याआधी तीन दिवस घरी डोळ्यांत ॲट्रोपिनचे थेंब घालायचे होते. मुलं डोळ्यांवर जोर देऊन प्लस नंबर, म्हणजे दूरदृष्टिदोष, झाकतात; औषधाने तो जोर सैलावतो. हे दिवस फार अवघड गेले. डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, ऊन सोसवेना, जवळचं धूसर. थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा, म्हणजे औषध अंगात कमी उतरतं. चेहरा लाल झाला किंवा ताप आला तर थेंब थांबवून लगेच कळवा, असं बजावलं होतं. डोळ्याचा आतला भागही तपासला, कारण मोतीबिंदू किंवा पडद्यावरची गाठसुद्धा कधी तिरळेपणातूनच उघडकीला येते. तो निरोगी आहे म्हटल्यावर मी रडलेच.

नंबर प्लस निघाला, उजव्याला जास्त. स्पष्ट दिसावं म्हणून ती जो जोर लावायची, त्यानेच डोळा आत ओढला जात होता. चष्म्याने तो जोर वाचला. शिवाय उजव्याची नजर कमी होती म्हणून चांगल्या, डाव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी, म्हणजे उजव्याला बघावंच लागतं. ती थेट कातडीला चिकटवायची, नाहीतर मुलं फटीतून बघतात. ते दोन तास सासूबाईंनी आपल्याकडे घेतले: तांदळातून मूग वेचायचे, रांगोळीचे ठिपके जोडायचे.

आता चष्म्यातून डोळे सरळ दिसतात. आंघोळीला चष्मा काढला की उजवा पुन्हा वळतो, ते अपेक्षितच आहे. चष्मा लावूनही तिरळेपणा उरला तरच शस्त्रक्रियेचा विचार, असं डॉक्टर म्हणाल्या. पट्टीची वेळ हळूहळू कमी करतोय. एकदम सोडली तर नजर पुन्हा घसरू शकते. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.