कृष्णेच्या घाटावरून गंगेच्या घाटावर : आमची वाटचाल

आमच्या वाईत घाटांना तोटा नाही. गावाला दक्षिण काशी म्हणतात ते उगाच नाही. तरी वाईच्या माणसाला खरी काशी पाहायची असतेच, आणि त्या एका इच्छेवर आमचा यात्रेचा धंदा 1996 पासून चालला आहे.

सुरुवात मामंजींनी केली, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. भजनी मंडळातल्या 19 बायका, प्रयाग-काशी-गया अशी त्रिस्थळी, आणि सासूबाईंचे गुडघे दुखत होते म्हणून स्वयंपाकाला मी. ‘यात्रा कंपनी’ हा शब्द फार पुढे आला. त्या वर्षी आमच्याकडे दोन स्टोव्ह, एक परात आणि हिशेबाची शंभर पानी वही एवढंच होतं. पोळ्या लाटता लाटता मी यात्रा शिकले. मामंजी गेल्यावर वही माझ्याकडे आली ती अजून माझ्याकडेच आहे.

काशीत गंगेवरून नावेनं घाट पाहायचं म्हणाल तर पहिल्या वर्षी तो आमच्या लेखी अर्ध्या तासाचा कार्यक्रम होता. विश्वनाथाचं दर्शन, अन्नपूर्णा, कालभैरव, मग जमलं तर नाव. सगळ्या जणी एकाच नावेत, वर आम्ही तिघं. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते आणि घाट सगळे पश्चिम काठावर. अस्सीहून प्रवाहाबरोबर निघालं की घाट डाव्या हाताला येतात आणि उजवीकडे नुसती वाळू. हे आम्हाला तेव्हा कुठे ठाऊक? दशाश्वमेध आला आणि 19 जणी एकदम डावीकडे सरकल्या. नाव कलली, पाणी आत आलं. कुणी पडलं नाही, पण पूजेची एक टोपली आणि एकाच पायातली चप्पल गंगार्पण झाली. नाववाला काही बोलला नाही. त्यानं वल्ही वर घेतली आणि सगळ्या जागेवर बसेपर्यंत गप्प राहिला.

पुढच्या वर्षी मीच मामंजींना म्हटलं, नाव दोन घ्या आणि पहाटे घ्या. खर्च वाढेल म्हणून ते कुरकुरले. पण आमच्या धंद्यातला कामाचा निर्णय तो एकच, बाकी हॉटेल-धर्मशाळा सगळेच करतात. आता एका नावेत आम्ही 15 च्या वर माणसं बसवत नाही. निम्मी घाटाकडे तोंड करून, निम्मी सूर्याकडे. सूर्य वाळूच्या बाजूनं उगवतो, तेव्हा दोन्हीकडे पाहण्यासारखं असतं आणि भांडण होत नाही. लाइफ जॅकेटवरून मात्र दरवर्षी होतं. नऊवारीवर ते नारिंगी जॅकेट कुणालाच नको असतं. मी आधी स्वतः घालते, मग आपोआप घालतात.

नाव सुरुवातीपासून एकाच मल्लाह, म्हणजे नावाडी, कुटुंबाची. पहिली दहा-बारा वर्षं बापानं वल्हवली, आता मुलगा. तो पूर्वी मला भाभीजी म्हणायचा, अलीकडे माताजी म्हणतो. केसांकडे बघून म्हणत असेल, मी तक्रार केलेली नाही. 2021 नंतर तिथल्या डिझेलच्या नावांना सीएनजी इंजिनं बसू लागली आणि धूर कमी झाला. आमच्या नावेलाही इंजिन आहे, पण जाताना ते बंद ठेवायचं असं आमचं ठरलेलं आहे. प्रवाह नेतोच, मल्लाह नुसतं वल्ह्यानं दिशा देतो. इंजिन लागतं ते परतताना, पाण्याच्या उलट.

इंजिन बंद असलं की मला बोलता येतं. पाट्या वाचत गेलं तर काशीच्या घाटांवर आपलीच माणसं भेटतात. मुनशी घाट नागपूरकरांच्या दिवाणांचा. दशाश्वमेध पेशव्यांनी बांधून काढला. त्याला लागून अहिल्याबाई घाट, आणि विश्वेश्वराचं देऊळही 1780 मध्ये त्यांनीच उभं केलं. मणिकर्णिकेला मी गप्प बसते आणि मोबाइल पिशवीत ठेवायला सांगते. चितेचे फोटो काढायचे नाहीत, एवढंच सांगते. त्यापुढे बायजाबाईंचा शिंदे घाट. तिथलं एका बाजूला कललेलं रत्नेश्वराचं देऊळ पाहून हटकून कुणीतरी विचारतं, “पडणार तर नाही ना?” मग भोसले घाट, जटार घाट. जटार आडनावाच्या एक बाई एकदा आमच्याबरोबर होत्या. पाटी दिसल्यावर त्यांनी नावेतूनच मुलाला फोन लावला.

पंचगंगा घाटाला आम्ही थांबतो. संत एकनाथांनी भागवतावरची टीका 1573 साली काशीत पुरी केली. एवढं सांगितलं की पुढचं भजनी मंडळ बघून घेतं. तिथे चहा आणि बेसनाचा एकेक लाडू. लाडू वाईहून नेतो, चहा धर्मशाळेतून थर्मासमध्ये.

पाण्यानं आम्हाला एकदा चांगलंच बुडवलं, पैशात. 2016 च्या ऑगस्टमध्ये आमचा 32 जणांचा गट तिथे असताना गंगा धोक्याच्या पातळीवर गेली. राजघाटाच्या मोजपट्टीवर ती 71.26 मीटर आहे. नावा बांधून ठेवलेल्या, घाटांच्या पायऱ्या दिसेनात, आरती गच्चीवर, मणिकर्णिकेला दहन वरच्या मजल्यावर. आणि आमच्या पत्रकात ठळक छापलेलं, ‘नौकाविहार नक्की’. तो शब्द माझाच. आठ जणांनी पैसे परत मागितले, मी 32 जणांचे दिले. त्या वर्षी दिवाळीला घरात रंग लावायचा राहिला.

तेव्हापासून आषाढ ते भाद्रपद आम्ही काशी करत नाही. 2023 ला अधिक श्रावण आला, 18 जुलै ते 16 ऑगस्ट. अधिकात काशी म्हणजे दुप्पट पुण्य, फोन थांबेनात. जावई म्हणाले, दोन गाड्या भरतील. मी नाही म्हटलं. बरीच माणसं दुसऱ्या कंपन्यांबरोबर गेली, काही तिकडचीच झाली. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

लॉकडाऊनमध्ये तर वहीला हातच लागला नाही. आचाऱ्यानं वडापावची गाडी टाकली, ती त्याची चांगली चालते. आता आमच्याकडे तो फक्त कार्तिक आणि माघात येतो, तेही मिनतवाऱ्या करून.

गडूचं सांगायचं राहिलं. काशीहून आल्यावर घरी मावंदं, म्हणजे यात्रेनंतरचं जेवण, घालायचं तर गंगेचा गडू हवाच, म्हणून प्रत्येक यात्रेकरूला आम्ही तांब्याचा एक देतो. पूर्वी घाटावर भरायचो, तळाशी गाळ बसायचा. आता पंचगंगेच्या पुढे मल्लाह नाव प्रवाहाच्या मध्यावर घेतो. हात न पोचणाऱ्यांचे गडू तो स्वतः वाकून भरतो आणि पदरानं पुसून घ्यायला परत देतो. मग गल्लीतल्या कारागिराकडून तोंडं झाळून, म्हणजे डाग देऊन बंद करून, घ्यायची. एका वर्षी घाईत दोन गडू न झाळता राहिले आणि परतीच्या गाडीत खालच्या बर्थवरच्या काकांची अंथरुणं भिजली. काका म्हणाले, घरबसल्या गंगास्नान झालं.

या कार्तिकात 28 जण आहेत. दोन नावा सांगून ठेवल्या आहेत, गडू 30 मागवलेत.