पंच परीक्षा आणि बेस रनिंग: माझा अनुभव

बेसबॉल-सॉफ्टबॉलच्या पंच परीक्षेसाठी बेस रनिंगचे (रनरने एका बेसवरून दुसऱ्या बेसवर पळण्याचे) नियम मी आधी पुस्तकाच्या क्रमाने वाचले. काहीच डोक्यात बसेना. मग कागदावर चौकोन आखला, रनर म्हणून नाणी ठेवली आणि दर वेळी एकच प्रश्न विचारत गेले: या रनरला पुढे जाणं भाग आहे का?

भाग असेल तर फोर्स. फिल्डरने बॉल हातात घेऊन बेसला पाय लावला की रनर आऊट. पण मागचा रनर आधी बाद झाला की पुढच्याची सक्ती तिथेच संपते. पहिल्या बेसवर रनर आहे आणि ग्राउंडर (जमिनीवरून गेलेला फटका) फर्स्ट बेसमनकडे, म्हणजे पहिल्या बेसवरच्या फिल्डरकडे गेला. त्याने आधी आपल्याच बेसला पाय लावून बॅटर बाद केला, तर दुसऱ्या बेसवर टॅगच करावा लागतो, म्हणजे बॉल रनरला लावावा लागतो. नवखे शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधले फिल्डर) इथे बेसवर पाय ठेवून निवांत उभे राहतात.

माझा सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नाने खाल्ला: एक आऊट, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर रनर, फ्लाय कॅच (हवेतल्या फटक्याचा झेल). तिसऱ्यावरचा टॅग-अप करून (झेलाच्या वेळी बेसला टेकून, मग पळून) होमला, म्हणजे धाव पूर्ण होते त्या बेसला पोचतो. पहिल्यावरचा आधीच पळत सुटलेला, तो परतायच्या आत बॉल पहिल्या बेसवर येतो. धाव धरायची? हो. तिसरा आऊट फोर्सचा असता तर धरली नसती. हा आऊट दिसतो फोर्ससारखा, पण बॅटर झेलबाद झाला तेव्हाच सक्ती संपली. हे अपील आहे, म्हणजे रनरने बेस लवकर सोडला म्हणून फिल्डिंग संघाने मागितलेला आऊट. त्यामुळे आधी काय घडलं, होमचा स्पर्श की आऊट, एवढंच बघायचं.

टॅग-अपमध्ये बेस सोडायची वेळ फिल्डरचा बॉलला पहिला स्पर्श झाल्यापासून. बॉल हातात उडत राहिला तरी रनरने थांबायची गरज नाही.

दोन्ही खेळ एकत्र वाचू नका, मी वाचले आणि घोळ झाला. बेसबॉलमध्ये बेसमधलं अंतर ९० फूट आणि लीड घेता येते, म्हणजे पिचरने बॉल टाकण्याआधीच बेसपासून थोडं पुढे सरकता येतं. फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये अंतर ६० फूट. पिचरच्या हातातून बॉल सुटण्याआधी बेस सोडला तर रनर आऊट आणि बॉल डेड, म्हणजे खेळ तिथेच थांबतो. शिवाय पिचर ८ फूट त्रिज्येच्या वर्तुळात बॉल घेऊन असेल, तर दोन बेसच्या मध्ये थांबलेल्या रनरने लगेच एक दिशा धरायची. पुढे-मागे केलं की आऊट. पिचरने थ्रोचा आव आणला तर मात्र हे बंधन सुटतं.

तीन फुटांचा नियम (टॅग चुकवायला रनर आपल्या रेषेपासून तीन फुटांहून जास्त बाजूला गेला तर आऊट) टॅगचा प्रयत्न झाल्यावरच लागू होतो, आणि रेषा रनर त्या क्षणी जिथे आहे तिथून बेसपर्यंत मोजतात. मैदानावर आखलेल्या रेषेशी तिचा संबंध नाही.

पहिला बेस ओलांडून बॅटर डावीकडे वळला म्हणून ‘आऊट, आऊट’ असा ओरडा होतोच. वळण्याची दिशा गौण आहे; दुसऱ्या बेसकडे जायचा प्रयत्न दिसला तरच टॅग चालतो.