वाढ्याचा आगाऊ हिशोब

दिवाळी झाली की आमच्या गावाच्या ओढ्यापलीकडच्या पडीत ऊसतोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. गाव वाळवा तालुक्यातलं, कृष्णेकाठचं, नजर जाईल तिथं ऊस. तोडायला येणारी माणसं बहुतेक बीडकडची. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी ही नावं मला लग्न होऊन इथं आल्यावर टोळ्यांमुळंच कळली.

परवा पुण्याच्या नणंदबाईंनी फोनवर विचारलं, "वहिनी, ही माणसं पहाटे चारपासून राबतात, टनावर पैसे मिळतात, मग कोपीत पीठ कसं नसतं?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहिते.

नवराबायको मिळून एक कोयता. कोयत्याची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, टोळी आणणाऱ्या मुकादमानं पावसाळ्यातच दिलेली असते. ती लग्नाला, दवाखान्याला, नाहीतर मागल्या हंगामाची बाकी मिटवण्यात संपते. मग इथं येऊन जे टन तुटतात ते त्या उचलीत वळते होतात. टनाचा दर आधी पावणेतीनशे रुपयांच्या आसपास होता, जानेवारी 2024 मध्ये 34 टक्क्यांनी वाढला. पण वाढला तरी तो आकडा मुकादमाच्या वहीत. रोज संध्याकाळी हातात जी रोकड पडते ती एकाच गोष्टीची, वाढ्याची.

वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. मोळी बांधायच्या आधी तो छाटून बाजूला काढतात आणि त्याच्या पेंढ्या बांधतात. काही पेंढ्या रानमालकाच्या, बाकीच्या तोडकऱ्यांच्या. आम्ही गोठेवाले त्या शेकड्यावर विकत घेतो. तेल, मिरची, दळण, पोराच्या तापाची गोळी, सगळं त्या पैशातून. आणि आमच्या गाईंची वैरण पण तीच. म्हणजे हंगामभर त्यांची चूल आणि आमची दावण एकाच पेंढीवर चालते.

ही पेंढी थांबली की काय होतं ते 2021 च्या डिसेंबरच्या सुरुवातीला बघितलं. अवकाळी पाऊस आला. तासगावकडं द्राक्षांची वाट लागली, त्याच्या बातम्या आल्या. ऊसतोड बंद पडल्याची बातमी कोण करणार! काळ्या रानात टायरगाडीची चाकं आसापर्यंत जातात, ट्रॅक्टर रुततो. वापसा येईपर्यंत, म्हणजे रान पुरेसं सुकेपर्यंत, फड (तोडणीचं रान) बंद. फड बंद म्हणजे वाढं बंद, आणि वाढं बंद म्हणजे बाजार बंद. दुकानदार परक्या मुलखातल्या माणसाला उधार देत नाही. त्यालाही दोष देता येत नाही, कारण टोळी रातोरात कारखान्याच्या दुसऱ्या गटात, म्हणजे दुसऱ्या भागात, हलवली जाते, मग तो पैसे कुणाकडं मागणार?

पाटोद्याची एक बाई रोज आमच्या गोठ्यात वाढं टाकायला यायची. त्या दिवशी ती रिकाम्या हातानं आली. दावणीपाशी उभी राहिली, गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, मागितलं काहीच नाही. मी चहा ठेवला. आमच्या आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, मात्र तिच्याकडं एकदा बघितलं आणि मला आत बोलावलं.

आत्तींचं माहेर आटपाडीचं. बहात्तरच्या दुष्काळात त्या लहान होत्या, आईबरोबर खडीच्या कामावर जायच्या. तेव्हा मिळालेली लाल मिलोची (परदेशी ज्वारीची) भाकरी आणि सुकडी या दोन गोष्टींचं नाव काढलं की अजून तोंड वाकडं करतात. त्या म्हणाल्या, "धा किलो शाळू घाल तिला. पर फुकट देऊ नगंस. मोजून दे, लिवून ठेव. फुकट दिलास तर उद्याच्याला पुन्यांदा याची न्हाई ती, लाजंल."

तसा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, मोजून दिला आणि पोराच्या जुन्या वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारच्या कोपीतली आली, मग आणखी दोघी. आमच्या कणगीत सगळ्यांना पुरेल एवढं कुठलं? शाळू आमच्या रानात होत नाही, आम्ही पण तो जतकडचा विकत घेऊन भरतो. मग मी जाऊबाईंना सांगितलं, जाऊबाईंनी त्यांच्या शेजारी. ज्या गोठ्यात ज्या कोपीचं वाढं जायचं, त्या घरानं त्या कोपीला पीठकूट बघायचं, असं ठरवल्याशिवायच ठरलं. गिरणीवाल्यांनी दळणाचे पैसे मागं ठेवले. बांधावरची वांगी, घेवडा, उसात टाकलेली मेथी-कोथिंबीर यांचा हिशोब कुणी ठेवला नाही. बांधावरचं काय लिहायचं!

वाद झाला तो दराचा. दिलेल्या धान्याच्या बदल्यात वाढं आगाऊ धरायचं, पण कुठल्या दरानं? पावसाच्या आधी शेकडा अडीचशेच्या आसपास होता. पावसानंतर वैरण तुटली की दर चढणार हे शेंबड्या पोराला पण कळत होतं. जुना दर धरला तर फायदा आमचा. आमच्या आळीत दोन-तीन जणांचं म्हणणं तेच होतं, आणि व्यवहार म्हणून ते चुकीचं नव्हतं. आत्ती म्हणाल्या, "ज्या दिवशी पेंढी येईल त्या दिवसाचा दर." का, ते काही सांगितलं नाही. बायकांनी तेच धरलं. त्या पंधरवड्यात मला सगळ्यात मोठी मदत ही वाटते, ज्वारीपेक्षाही.

सगळ्यांनी दिलं असं नाही. आमच्या भाऊकीतल्या एका काकांनी स्पष्ट सांगितलं, "ऊस तोडायला आम्ही एकराला खुशाली मोजायची, गाडीवाल्याला एन्ट्री द्यायची, आणि वर घरात बोलवून ज्वारी पण घालायची?" खुशाली म्हणजे टोळीला आणि एन्ट्री म्हणजे गाडीवाल्याला द्यायचे वरचे पैसे. खुशालीचा मलाही राग येतो. ऊस वाळायला लागला की टोळी अडून बसते आणि शेतकरी मुकाट पैसे काढतो, हे दर वर्षीचं आहे. भुकेल्या माणसाला आपण साधाभोळा समजतो, तो तसा असतोच असं नाही. संधी आली की तोही पिळून घेतो, आपण घेतो तसंच. काकांनी दिलं नाही, आणि त्यावरून कुणी त्यांच्याशी बोलायचं सोडलं नाही.

आता रेशन. नणंदबाईंचा दुसरा प्रश्न तोच होता, यांना रेशन मिळत नाही का? 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. त्या हिवाळ्यात तर कोरोनामुळं आणखी पाच किलो फुकटचं चालू होतं. 'एक देश, एक रेशन कार्ड'मध्ये कार्ड कुठल्याही दुकानात चालतं, काही धान्य इथं आणि उरलेलं गावाकडं असं उचलता येतं. हे सगळं खरं आहे. पण पाटोद्याच्या बाईची दोन मोठी पोरं गावाकडं आजी-आजोबांपाशी होती, आणि म्हाताऱ्यांनी महिन्याच्या सुरुवातीलाच सगळ्या माणसांचं धान्य उचललं होतं. त्यांनी तरी काय करावं? तीही दोन पोटं तिथं वाढत होती. तिच्या शेजारणीचं धान्य शिल्लक होतं, तर मशीनवर अंगठा उमटेना. कोयता आणि पाचट यांनी बोटाची कातडी कापून-कापून गुळगुळीत होते, तिथं रेषा कुठून येणार? दुकानात दुसरी खेप मारायची तर कोयता अर्धा होतो, म्हणजे मजुरी बुडते.

शाळेत शिकवणारी आमची एक भाचेसून यात डोकं घालून बसली. तिनं 'मेरा राशन' ॲपवर एकेका कार्डाची शिल्लक बघितली आणि बायकांना गावाकडं फोन लावायला सांगितलं, "पुढच्या महिन्यात आमच्या दोघांचं उचलू नका, इथं घेतो." काहींचं जमलं, काहींचं नाही. ज्यांचं जमलं त्यांना गहू-तांदूळ मिळाला. बीडची माणसं भाकरीवर काम करतात, तांदळावर फडात दिवस निघत नाही असं त्या म्हणायच्या. तरी पोरांना भात झाला.

वापसा आला आणि फड चालू झाला, त्यानंतर एका शहरातून गाडी भरून किट आली. डाळ, साखर, आटा, बिस्किटं. माणसं चांगल्या मनाची होती. पण दुपारी कोप्यांत पोरांशिवाय कोणी नव्हतं, सगळे फडात. पोरांनी किट उतरवून घेतली आणि बिस्किटं तिथंच संपवली. मदत करणाऱ्याला फडाचं वेळापत्रक माहीत असणं किती गरजेचं आहे, ते त्या दिवशी दिसलं.

वहीतली बाकी बहुतेक सगळी वाढ्यानं फिटली. एका टोळीला मात्र कारखान्यानं मध्येच दूरच्या गटात हलवलं, त्यांचं पान तसंच राहिलं. आत्तींना विचारलं, काय करू? "काय करतीस? पान हाय तसं ऱ्हाऊ दे, वही दुसरी घे."

तेव्हापासून आमच्या आळीत एक रीत पडली आहे. टोळी उतरली की पहिल्या आठवड्याचं पीठ गोठेवाल्यानं आगाऊ द्यायचं. तोही आठवडा अवघड असतो. कोपी बांधायची, कारखान्याचं धुराडं पेटायचं बाकी, वाढं नाही. आणि बाईनं उतरल्या-उतरल्या गावाकडं रेशनचा फोन करायचा, हे भाचेसून पहिल्याच संध्याकाळी कोप्यांवर जाऊन सांगते.

पण ही रीत किती वर्षं टिकेल ते सांगता येत नाही. आता हार्वेस्टर आलेत. मशीन उसाचे तुकडे करतं आणि वाढ्याचा चुरा रानात उडवून देतं. पेंढी नाही, म्हणून आगाऊ हिशोब पण नाही. मोठ्या रानवाल्यांनी मुरघासाचे, म्हणजे हिरवी वैरण मुरवून ठेवायचे, खड्डे केले, त्यांच्या गाईंचं भागलं. टोळ्या कमी झाल्या आहेत हे पडीकडं बघितलं तरी कळतं. तोडणीसारख्या कामातून माणूस सुटत असेल तर ते बरंच आहे. त्या बायकांच्या कमरा आणि पाठी मी बघितल्या आहेत. फक्त सुटून तो जातो कुठं, ते मला दिसत नाही.

पाटोद्याच्या बाईचा मागच्या आठवड्यात फोन आला होता. यंदा आमचा ऊस कोयत्याला आहे का मशीनला, एवढंच विचारायला. आमचं रान तुकड्यातुकड्याचं, मशीन वळत नाही, आणि गाईंना वाढं लागतंच, त्यामुळं कोयत्यालाच आहे म्हणून सांगितलं. हे ऐकून आत्ती आतूनच म्हणाल्या, "मग शाळू आत्ताच भरून ठेवा, दिवाळी झाल्यावर महाग हुतोय." उद्या जतच्या व्यापाऱ्याला फोन लावायचा आहे.