बाटलीवर मातृवृक्षाचा क्रमांक

टिश्यू कल्चर, म्हणजे झाडाच्या लहानशा तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवणं, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे केळीची रोपं येतात: एका कंदापासून हजारो, सगळी एकसारखी. दुर्मिळ वृक्षांवर काम करताना मला नेमकं हेच एकसारखेपण नको असतं. रोपं कमी निघाली तरी चालतील, पण ती जास्तीत जास्त वेगवेगळ्या झाडांपासून आलेली हवीत. म्हणून आमच्या प्रयोगशाळेत प्रत्येक बाटलीवर तारखेच्या आधी मातृवृक्षाचा, म्हणजे ज्या झाडाचा तुकडा घेतला त्याचा, क्रमांक लिहिला जातो.

दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावरच्या ऑलिव्हचं उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी सांगते. नाव ऑलिव्ह असलं तरी खऱ्या ऑलिव्हशी त्याचं नातं नाही. 1977 मध्ये त्याचं एकच झाड सापडलं. स्वतःच्याच परागानं त्याला बी क्वचित धरायचं, आणि फांद्या लावून रोपं करणंही जिकिरीचं होतं. 1994 मध्ये ते रानातलं झाड गेलं, 2003 मध्ये लागवडीतलं शेवटचंही गेलं. मदत पोचली तेव्हा एकच झाड उरलं होतं, आणि मला तरी खरा घात तिथेच झालेला दिसतो.

आमच्याकडे येणारी झाडंही बहुधा म्हातारीच असतात. काहींना बी येत नाही. काहींना येतं, पण वाळवलं की मरतं, त्यामुळे बियाणं साठवून ठेवण्याची वाट बंद. मग उरतो पानाच्या बेचक्यातला डोळा. पण तो कुठला, यावर पुढचं सगळं ठरतं. शेंड्याकडचा डोळा बाटलीत फुटतो, दोन पानं काढतो आणि मुळं धरायचं नाव घेत नाही. बुंध्याजवळच्या धुमाऱ्यावरचा डोळा त्याच झाडाचा, तरी तो रोपासारखा वागतो. वयानं झाड कितीही मोठं असो, त्याचं बालपण बुंध्याशी शिल्लक असतं. धुमारे नसतील तर जाड फांदी तोडून आणून ओलसर हवेत ठेवायची आणि तिला फूट येण्याची वाट बघायची.

मग निर्जंतुकीकरण. वाहत्या पाण्याखाली बराच वेळ, साबण, मग सोडियम हायपोक्लोराइट. द्रावण कडक झालं तर डोळा मरतो, सौम्य राहिलं तर तीन-चार दिवसांत बुरशीचा पांढरा कापूस दिसतो. त्याहून छळतात आतल्या पेशींत दडलेले जिवाणू. सगळं ठीक चाललंय असं वाटत असताना काही आठवड्यांनी खोडाच्या कापाशी अगारमध्ये, म्हणजे बाटलीतल्या जेलीसारख्या थरात, दुधाळ धूसर कडा उमटते. वृक्षांचा खास त्रास मात्र काळं पडण्याचा. ताजा काप माध्यमात, म्हणजे बाटलीतल्या पोषक मिश्रणात, रोवला की काही तासांतच त्याभोवती तपकिरी वर्तुळ पसरू लागतं. जखमेतून झिरपणारी फिनॉलं हवेनं काळी पडतात आणि तोच डोळा मारतात. अशा वेळी तुकडा पुन्हा पुन्हा ताज्या माध्यमात हलवायचा, सुरुवातीला अंधारात ठेवायचा, अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल किंवा सक्रिय कोळसा घालून बघायचा.

माध्यमही झाड बघून निवडावं लागतं. मुराशिगे आणि स्कूग यांचं 1962 चं माध्यम तंबाखूवर बेतलेलं होतं. त्यातले क्षार कित्येक झाडांना झेपत नाहीत, शेंडे करपतात. अशांसाठी लॉइड आणि मॅकाऊन यांनी 1980 मध्ये दिलेलं, कमी नायट्रोजनचं, वृक्षांचं माध्यम आधी लावते.

मुळं आली तरी जीव भांड्यात पडत नाही. बाटलीतल्या दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर जेमतेम असतो, रंध्रं नीट मिटत नाहीत. बाहेर काढलेलं रोप बघता बघता मान टाकतं. मुळांना चिकटलेलं अगार पुरतं धुवायचं, नाहीतर त्यातल्या साखरेवर बुरशी आलीच. मग कोकोपीट, वर झाकण, आणि ते रोज थोडं थोडं उघडायचं.

सगळ्या मातृवृक्षांचा वेग सारखा नसतो. एखाद्याचे फुटवे दर सबकल्चरला, म्हणजे तुकडे करून ताज्या माध्यमात हलवताना, दुप्पट होतात आणि रॅक भरून टाकतात. दुसऱ्याचा एखादाच शेंडा हिरवा राहतो. जागा कमी पडली की हात आपसूक त्या मंद ओळीकडे जातो. तिथे मी अडून बसते: भरभर वाढणाऱ्यातल्या बाटल्या कमी करा, ही नाही. सध्या अशी एक ओळ खालच्या फळीवर आहे. पानं लहान, पेरं आखूड, पण शेंडा जिवंत आहे. पुढच्या खेपेला तिच्या माध्यमातलं सायटोकायनिन, म्हणजे फुटवे आणणारं संप्रेरक, निम्मं करणार आहे.