दहावीनंतर गुरांचा डॉक्टर व्हायचं असेल तर

माझी भाची शिरपूरकडे असते, यंदा दहावी झाली आणि सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाली, "माले ढोरेसना डाक्टर व्हनं शे." मला फार आनंद झाला. पण लगेच नाना म्हणाले, मग पशुसंवर्धनाचा डिप्लोमा कर, दहावीवर होतो, पुढे पॉलिटेक्निकच्या पोरांसारखं थेट दुसऱ्या वर्षाला घेतील.

नाही घेत. इंजिनिअरिंगला डिप्लोमावाले थेट दुसऱ्या वर्षाला जातात, तसं बीव्हीएस्सीला, म्हणजे गुरांच्या डॉक्टरच्या डिग्रीला, नाही, आणि आपल्याकडे बऱ्याच घरांत हाच गैरसमज आहे म्हणून लिहितोय. गावात बॅग घेऊन जो गोठ्यात येतो त्याला आपण डॉक्टरच म्हणतो, पण 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने डिप्लोमावाल्याला रजिस्टर्ड डॉक्टरच्या देखरेखीखाली किरकोळ उपचारच करता येतात. काम मोलाचं आहे, त्यात कमीपणा काहीच नाही, लम्पी या गुरांच्या त्वचारोगाची 2022 ची साथ आली, तिची राज्यातली पहिली केस ऑगस्टमध्ये आपल्याच चिनावलला सापडली, जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात, तेव्हा गोठ्या-गोठ्यात जाऊन लस टोचणाऱ्यांत हीच पोरं होती. फक्त डॉक्टर व्हायचा रस्ता तो नाही.

रस्ता असा आहे की अकरावीला सायन्स घ्यायचं आणि बायोलॉजी सोडायचं नाही. गणिताला घाबरून सायन्सच नको म्हणणारी पोरं मी पाहिलीत, अरे गणित नाही घेतलं तरी चालतं ना, फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी आणि इंग्रजी पाहिजे. मग बारावीनंतरची नीट (NEET) ही प्रवेश परीक्षा. नीटचा पेपर मराठीतून देता येतो पण पुढचं सगळं शिक्षण इंग्रजीत, म्हणून आतापासूनच इंग्रजी पुस्तकं हाताळायची सवय लावा, मराठी मीडियमच्या पोरांना पहिलं वर्ष त्यामुळेच जड जातं.

नीटचे मार्क आले म्हणजे आपोआप नंबर लागेल असं समजू नका, एमबीबीएसचा फॉर्म वेगळा आणि बीव्हीएस्सीसाठी नागपूरच्या माफसू या पशुविज्ञान विद्यापीठाचा फॉर्म वेगळा, तो भरला नाही तर राज्याच्या कोट्यातली सीट गेली. जुनी सरकारी कॉलेजं नागपूर, मुंबई, परभणी, उदगीर आणि शिरवळला, म्हणजे घर सोडावंच लागणार, त्यातल्या त्यात नागपूर आणि मुंबईला जळगाव-भुसावळहून सरळ गाडी आहे. कोर्स साडेपाच वर्षांचा, त्यात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. नंतर पशुवैद्यक कौन्सिलकडे नाव नोंदवायचं, मग स्वतःची प्रॅक्टिस करा नाहीतर एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी व्हा.

डिप्लोमा आधीच केला असेल तरी वाट बंद नाही हो, बारावी सायन्स करून नीट देता येते, वर्षं जास्त जातील एवढंच.

आणि एक, राखीव जागेतून फॉर्म भरणार असाल तर जात वैधतेचं काम अकरावीतच सुरू करा. नंदुरबार, साक्री, शिरपूरकडच्या आदिवासी घरांना हे खास सांगतो, मार्क असून कागदासाठी पोरगी घरी बसायला नको, आमच्या भाचीची फाईल तर आम्ही याच महिन्यात तयार करतोय.