डाव्या बाजूचं ब्रॅकेट

परभणीच्या एका काकांची १९६३ ची फोक्सवॅगन बीटल आमच्या चिकलठाण्याच्या गॅरेजात आली. इंजिन, ब्रेक, वायरिंग ही कामं नेहमीसारखीच झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पुढच्या मडगार्डांचं आणि बंपरचं प्रकरण मात्र गाडी परत गेली तरी डोक्यातून जात नाही.

काकांचे वडील डॉक्टर होते. जिंतूर, पाथरी, मानवत, सगळीकडे याच गाडीतून व्हिजिटला जायचे. काका त्यांना दादा म्हणतात आणि गाडीबद्दल बोलताना एक वाक्य हमखास येतं : "दादांनी हिला कधी ओरखडा येऊ दिला नाही."

गाडीला अमेरिकन पद्धतीचे बंपर होते, म्हणजे पट्टीवर उंच गार्ड आणि त्यांना जोडणारी गोल नळी. युरोपातल्या बीटलला ही नळी नसायची. तिथे एकच वळणदार क्रोमची पट्टी आणि तिच्यावर दोन उभे गार्ड. काकांकडच्या जुन्या फोटोत गाडी तशीच दिसते. पुढे दादांनी हौसेनं मुंबईहून नळीवाले बंपर आणून बसवले, असं घरात सांगितलं जायचं. काकांना गाडी फोटोतल्यासारखी करून हवी होती.

बीटलचं सामान आजही मिळतं. २००३ पर्यंत मेक्सिकोत ही गाडी बनत होती, एकूण २ कोटी १५ लाखांवर बनल्या, त्यामुळे पत्रे आणि बंपर नव्यानं पाडणारे कारखाने अजून आहेत. पण नुसता ‘युरोपियन बंपर’ मागवला की फसगत ठरलेली. ऑगस्ट १९६७ पासून बंपर चौकोनी झाला, वर सरकला, आणि त्याच्यासाठी बोनेटही आखूड केलं गेलं. तो जुन्या बॉडीवर बसत नाही. साल, बाजू, ब्रॅकेट (बंपर बॉडीला धरून ठेवणारा आधार), सगळं लिहून दिल्यावरच आम्ही ऑर्डर टाकली. पुढची दोन्ही मडगार्डंही मागवली. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पत्रा तसा टिकतो, पण मडगार्डाच्या आतल्या कोपऱ्यात काळ्या मातीचा चिखल वर्षानुवर्षं थापून बसला होता आणि त्याच्याखालचा पत्रा चाळणी झाला होता.

बाहेरच्यांना वाटतं नवीन मडगार्ड आणलं, बोल्ट मारले, झालं. बीटलचं मडगार्ड बोल्टवरच असतं हे खरं. पण साठ वर्षांपूर्वीचा बोल्ट पान्याला दाद देत नाही. जोर लावला की मुंडी तुटून हातात येते आणि उरलेला तुकडा बॉडीतल्या नटात अडकतो. तो मधोमध ड्रिल करून काढायचा आणि आटे पुन्हा पाडायचे. ड्रिल जरा तिरपं गेलं तर नट वाया. मग मडगार्ड आधी ढिलं टांगायचं, बोनेटची फट दोन्हीकडे सारखी करायची, मधले बोल्ट आधी कसायचे, टोकाचे नंतर. मडगार्ड आणि बॉडीच्या मधली बीडिंग रंगानंतर बसते, पण तिच्या जाडीचा हिशेब आत्ताच धरावा लागतो. हे सगळं उघड्या पत्र्यावर, रंगाच्या आधी. आमच्याकडे हा नियम मोडू देत नाही.

मडगार्डं बसली. बोनेटची फट डावीकडे किंचित जास्त होती, पण बोल्टच्या खाचेत ती जुळून आली. मग बंपर लावला. उजवीकडे बंपर आणि मडगार्डाच्या मध्ये बोट सहज जात होतं. डावीकडे बंपरचं टोक मडगार्डाला टेकलेलं.

आमच्यातला एक पोरगा लगेच म्हणाला, "बाहेरचा माल आहे, फिटिंगला असाच येतो. ब्रॅकेटला खाच पाडू." हातात ग्राइंडरही घेतला होता. हात चांगला आहे त्याचा. पण नवा पार्ट कापून जुन्या चुकीत बसवायचा, ही आमच्या धंद्याची जुनी खोड आहे आणि मला तिची चीड येते. बंपर काढून मी जमिनीवर पालथा घातला, दोन्ही टोकं मोजली. एका सुताचाही फरक नव्हता. मग जुनी ब्रॅकेटं पुन्हा हातात घेतली. उजव्या ब्रॅकेटची भोकं गोल होती. डाव्याची लांबट, कडेला कानशीचे ओरखडे.

आमचे डेंटर चाचा तोवर गप्प होते. ते म्हणाले, "बंपरला काहून दोष द्यायलाव? खालचं बघा की."

ब्रॅकेट मडगार्डाच्या फटीतून आत जाऊन बॉडीला कसलं जातं. तिथे चुंबक लावलं. उजवीकडे घट्ट चिकटलं, डावीकडे घसरून खाली पडलं. चाचांनी खरवडायला घेतलं. आधी काळा रंग, मग राखाडी, मग पुट्टीचा जाड थर, आणि त्याच्याखाली पिवळी रेघ. पितळी वेल्डिंग. पत्रा फाटला होता, तो कुणीतरी गॅसवर पितळेनं सांधला होता आणि मूळ जागेपासून मागे राहिलेला भाग पुट्टीनं भरून काढला होता. ओळंबे सोडून कोनाकोनी मापं घेतली. डावा कोपरा बोटभर मागे आणि थोडा वर होता. गाडी समोरून डावीकडे जोरात ठोकली गेली होती.

चाचा त्या जुन्या कारागिराला नावं ठेवू देईनात. त्या काळी बाहेरचा पत्रा मिळायचाच नाही, हातात होतं त्यावर त्यानं डॉक्टरांची गाडी रस्त्यावर आणली, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. आज मात्र तेच झाकून ठेवणं मला पटत नाही. पितळ असलेल्या जागी आजचं वेल्डिंग धरत नाही, म्हणून तेवढा पत्रा कापून काढला. चेन-पुली आणि हायड्रॉलिक जॅक लावून कोपरा थोडा थोडा पुढे घेतला, दर खेपेला कोनाकोनी मोजलं, मग नवा तुकडा वेल्ड केला. त्यानंतर बंपर न तासता, न ठोकता बसला. दोन्हीकडे सारखं बोट जात होतं. इतका समाधानी मी या गॅरेजात क्वचितच झालो असेन.

काका आले तेव्हा मी त्यांना कापलेला पत्रा आणि फोटो दाखवले. नळीवाला बंपर बहुधा त्या ठोकरीनंतरच आला असावा, जुना वाकल्यामुळे, हेही बोललो. ते बराच वेळ डावं ब्रॅकेट हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "दादांच्या हातून असं होणारच नाही. ड्रायव्हरनं केलं असेल." आमच्या माहितीप्रमाणे त्या घरात ड्रायव्हर कधीच नव्हता; हे त्यांनीच पहिल्या भेटीत सांगितलं होतं. मी काही बोललो नाही.

बिल त्यांनी एका शब्दानं घासाघीस न करता दिलं. परवा फोन आला. प्रत्येक गाडीसोबत आम्ही कामाच्या फोटोंची फाइल देतो, एक प्रत आमच्याकडे ठेवतो. काकांचं म्हणणं, डाव्या कोपऱ्याचे फोटो दोन्ही फायलींतून काढून टाका, घरात कुणी बघायला नको.

त्यांच्या फाइलमधले काढून दिले, ती फाइल त्यांची आहे. आमच्या प्रतीतले काढणार नाही. उद्या त्या गाडीखाली शिरणाऱ्या माणसाला तिथे नवा सांधा का आहे हे कळलंच पाहिजे. काकांना हे अजून सांगितलेलं नाही.