फरिनातली चूल

जुलैच्या सुट्टीत आम्ही ॲडलेडहून उत्तरेला निघालो ते काटी थांडा–लेक एअर बघायला. समुद्रसपाटीच्या पंधरा मीटर खाली असलेलं, ऑस्ट्रेलियातलं सगळ्यात खोलगट ठिकाण मुलांना बघायचं होतं. मंदारला ऊडनाडाटा ट्रॅकच्या कच्च्या रस्त्यावर गाडी घालायची होती, आणि मला चार-पाच रात्री उघड्यावर, तंबूत काढायच्या होत्या. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, असं काहीच नव्हतं. ते आटपाडीहून तीन महिन्यांसाठी आलेले. "तुम्ही जाल तिकडं मी," म्हणाले आणि मागच्या सीटवर दोन नातवंडांच्या मधे बसले.

परत येऊन महिना झाला. सरोवराचे फोटो अजून मोबाइलमधून उतरवलेलेही नाहीत. लिहायला बसले ते फरिनाबद्दल, जिथं आम्ही दुपारच्या जेवणापुरतं थांबणार होतो.

पहिले दोन दिवस गाडी चालवण्यातच गेले. पोर्ट ऑगस्टा, क्वॉर्न, हॉकर. भाड्यानं घेतलेल्या ट्रेलरच्या तंबूची चेन पहिल्याच रात्री तुटली. बाहेर पारा शून्याच्या आसपास, आणि फटीतून वारा थेट पाठीवर. ज्यांनी ट्रेलर दिला त्यांना चेन खराब असल्याचं ठाऊक होतं, कारण तिथं आधीच कुणीतरी दाभणानं टाके घातलेले होते. याचा राग मला अजून आहे. दोन लहान मुलं आणि सत्तरीला आलेला माणूस घेऊन कुणी निघालंय हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्याच रात्री मी अण्णांवर चिडले. जेवणं झाल्यावर ते शेकोटीतली राख घेऊन ताटं घासायला बसले. आधी कोरडी राख, मग फडकं, मग शेवटी वाटीभर पाणी. शेजारच्या कॅरव्हॅनमधलं जोडपं खुर्च्या टाकून बघत होतं. मी अण्णांच्या हातातून ताट घेतलं आणि म्हटलं, "अण्णा, ऐंशी लिटर पाणी आहे आपल्याकडे. असं नका करू." त्यांनी हात झटकले आणि उठून गेले. काही बोलले नाहीत. मला लाज कशाची वाटली, याचं उत्तर आजही मला देता येत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी फरिना आलं. लिंडहर्स्टच्या उत्तरेला, सपाट तांबड्या माळावर दगडी भिंती उभ्या आहेत. बहुतेकांना छप्पर नाही. कुठं हॉटेलचा दर्शनी भाग, कुठं नुसतं धुराडं, कुठं दाराची चौकट आणि तिच्यातून पलीकडे दिसणारं आभाळ. १८७८ मध्ये हे गाव आखलं आणि त्याला नाव दिलं फरिना. लॅटिनमध्ये फरिना म्हणजे पीठ. इथं गहू पिकेल, गिरण्या चालतील, रेल्वेनं पीठ खाली बंदराला जाईल, असा त्यांचा हिशोब होता. १८८२ मध्ये रेल्वे आलीसुद्धा. गहू मात्र आला नाही.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. माहितीचा फलक दिसला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत. एखादा शब्द अडला की मला हाक मारतात. फलक वाचून झाल्यावर विचारलं, "पण हितं गहू येईल असं कुणी सांगितलं ह्यांना?"

मग मी त्यांना गॉयडरची गोष्ट सांगितली. इथल्या शाळेत मुलांना शिकवतात, म्हणून मला माहीत. जॉर्ज गॉयडर हा साउथ ऑस्ट्रेलियाचा सर्व्हेअर जनरल, म्हणजे जमिनीच्या मोजणी खात्याचा सर्वोच्च अधिकारी. १८६५ मध्ये मोठा दुष्काळ पडला तेव्हा तो घोड्यावर बसून सगळा मुलूख फिरला आणि नकाशावर एक रेषा ओढली. रेषेच्या दक्षिणेला पेरा, उत्तरेला पेरू नका, मेंढरं राखा. त्याच्याकडे पावसाची वर्षानुवर्षांची आकडेवारी कुठली असणार? त्यानं झुडपं बघितली. मॅलीची झाडी संपून खारट पानांची सॉल्टबुश कुठं सुरू होते, ते बघून त्यानं ठरवलं. पुढची काही वर्षं पाऊस चांगला झाला. लोक म्हणायला लागले, गॉयडर भित्रा आहे; नांगर जाईल तिकडं पाऊस त्याच्या मागून येतो. १८७४ मध्ये सरकारनंही रेषेचं बंधन उठवलं. माणसं बायकापोरं, नांगर, बियाणं घेऊन उत्तरेला सरकली. १८८० पासून पाऊस फिरला, आणि एकेक घर रिकामं व्हायला लागलं. फरिना तर त्या रेषेच्या कितीतरी वर. या भागात वर्षाकाठी पाऊस पडतो सहा-सात इंच.

"आमच्या माणदेशात ह्याच्या तिप्पट पडतो," अण्णा म्हणाले. "तरी आम्हाला दुष्काळी म्हणत्यात."

गॉयडरबद्दलची आणखी एक गोष्ट त्यांना फार आवडली. आठ वर्षं आधी, १८५७ मध्ये, हाच गॉयडर टॉरेन्स सरोवराच्या बाजूला गेला होता. नुकताच पाऊस झालेला, सरोवरात गोडं पाणी, काठाला हिरवंगार. त्यानं भरभरून अहवाल लिहिला. त्याच्या मागून दुसरा अधिकारी होडी घेऊन गेला, तर तिथं चिखल. अण्णांनी ही गोष्ट मला दोनदा सांगायला लावली. "म्हंजे एकदा फसला होता. म्हणून झुडपं बघाय शिकला," ते म्हणाले.

मुलं आणि मंदार बेकरीच्या रांगेत गेले. मी आणि अण्णा भिंतींमधून फिरत राहिलो. एका घरापाशी ते थांबले. घर कसलं, कमरेएवढ्या तीन भिंती. ते आत गेले, कोपऱ्यात वाकले, दगडावरून बोटं फिरवली. दगड आतल्या बाजूनं काळा होता.

"हितं चूल होती. बाई हितं बसायची, दाराकडं तोंड करून."

मग ते त्या भिंतीवर बसले आणि मला बस म्हणाले. पुढचं सगळं त्यांनी माळाकडे बघत सांगितलं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी आमच्या घरात कमी नाहीत. आजी आणि अण्णा पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचे, सुकडी मिळायची, रेशनला तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, यायचा आणि त्याची भाकरी थापताना मोडायची. हे मी लहानपणापासून ऐकलेलं. पण त्याआधी काय झालं ते कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्या वर्षी मृगात एक सर आली आणि बापूंनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, बाजरी पेरली. उगवली, वीतभर झाली आणि जळाली. श्रावणात एक दिवस आभाळ भरून आलं. बापू नको म्हणत होते. अण्णा तेव्हा सोळा वर्षांचे, घरात शिकलेले तेवढे एकटे. ते बापूंच्या मागं लागले की हा पाऊस येणारच, आता पेरलं न्हाई तर वर्ष जाईल. बियाणं घरात नव्हतं. आजीच्या पाटल्या विट्याला गहाण पडल्या. दुबार पेरणी झाली. आभाळ तीन दिवस तसंच राहिलं आणि चौथ्या दिवशी मोकळं झालं. बी उगवलंसुद्धा नाही. किडामुंगीनं खाल्लं.

"बापू मला एका शब्दानं बोलले न्हाईत. मरेपर्यंत न्हाईत. आई पण न्हाई."

आजीच्या हातात पाटल्या का नाहीत हे मी लहानपणी तिला विचारलं होतं. "हात सुजत्यात," म्हणाली होती.

मला काय बोलावं कळेना. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. वारा सुटला होता, आणि दूर कुठंतरी गलाह पाखरांचा थवा ओरडत होता. अण्णांनी त्या काळ्या दगडावरची माती बोटानं काढली. म्हणाले, "ह्या घरात पण कुणीतरी म्हणालं असंल. पेरूया म्हणून."

तेवढ्यात ओवी धावत आली, हातात गरम बन. फरिनाची जुनी बेकरी जमिनीच्या पोटात आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि दर हिवाळ्यात काही आठवडे स्वयंसेवक येऊन तिची लाकडावरची दगडी भट्टी पेटवतात. बहुतेक निवृत्त माणसं. दिवसा पाव भाजतात, पडक्या भिंती सावरतात, आणि पावाचे पैसे त्याच दुरुस्तीला लावतात. फुकट राबतात आणि आल्यागेल्याशी घरच्यासारखं बोलतात. अण्णांना भट्टी बघायची आहे म्हटल्यावर एका आजोबांनी त्यांना थेट तोंडापाशी नेलं, लांब दांड्याचं फळकूट हातात दिलं आणि दोन पाव बाहेर काढू दिले. पीठ इथलं का, असं अण्णांनी मला विचारायला सांगितलं. इथला एक दाणाही नाही, सगळं खालून येतं, म्हणाले. मग दोघंही गप्प राहून भट्टीकडे बघत होते.

आम्ही त्या रात्री तिथंच मुक्काम केला. ठरलेलं वेळापत्रक मोडलं म्हणून मंदार जरा कुरकुरला, पण त्याला अण्णांचं मी सांगितल्यावर त्यानंच तंबू ठोकला. जेवणानंतर मी राख घेऊन बसले. अण्णांनी बघितलं, काही बोलले नाहीत, फक्त फडकं पुढं केलं.

पुढचा प्रवास भराभर सांगते. मारी गावात विटामातीच्या छोट्या मशिदीची प्रतिकृती आहे. उंटांचे तांडे हाकणारी माणसं इथं राहायची. सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणायचे, पण त्यांच्यात बलुची, पंजाबी, सिंधीही होते. १८६६ मध्ये शंभरावर उंट आणि त्यांचे राखणदार कराचीहून जहाजानं पोर्ट ऑगस्टाला उतरले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात, हे अण्णांनी मुलांना लगेच सांगितलं. जुन्या रेल्वेला 'घान' हे नाव पडलं ते याच लोकांवरून.

मारीपासून कच्चा रस्ता. चाकांतली हवा कमी केली तरी शंभर किलोमीटर पन्हाळी पत्र्यावरून गाडी चालवल्यासारखं वाटतं. दात वाजतात, डब्यातल्या डाळी एकमेकींत मिसळतात. समोरून तासाभरानं एखादी गाडी येते, आणि येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख देतो. अण्णा मागून प्रत्येकाला नमस्कार करत होते. सरोवर दक्षिणेच्या काठावरून बघितलं. पांढरं, कोरडं, डोळे दिपवणारं.

कावर्ड स्प्रिंग्जला मात्र अण्णा पुन्हा रमले. १८८६ मध्ये रेल्वेसाठी इथं बोअर मारली, आणि पाणी आपसूक, आतल्या दाबानं वर आलं. खजुरीची झाडं, बोरूचं बेट, आणि कोमट पाण्याचं एक डबकं, त्यात बसून अंग शेकायचं. जवळच 'बबलर' नावाचा झरा आहे. तळाची वाळू उकळत्या भातासारखी वर-खाली होत राहते. हे पाणी जमिनीखालून लाखो वर्षं सरकत इथवर आलेलं. ऑस्ट्रेलियाचा जवळजवळ पाचवा हिस्सा या भूजलावर पसरलाय. आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या काकांनी, मळ्यात चार बोअर मारल्या. चौथी आठशे फूट गेली आणि नुसता फुफाटा उडाला. अण्णा त्या झऱ्यापाशी अर्धा तास उभे होते. ओवीनं विचारलं, आबा काय बघताय? "मोजतोय," म्हणाले.

आणि तिथं बंब होता. अंघोळीच्या पाण्याखाली लाकडं घालायची, वर धुराडं, अगदी आमच्या जुन्या घरातल्यासारखा. पहाटे पाचला मला जाग आली तर अण्णा स्वेटर, मफलर घालून बंबासमोर उकिडवे बसलेले, आणि पाठीमागं टॉवेल घेऊन चार-पाच गोरी माणसं शिस्तीत उभी. जाळ कसा धरायचा ते अण्णा खुणांनी एका मुलाला दाखवत होते. सगळ्या तळाची गरम पाण्याची सोय त्या दिवशी त्यांनी केली.

तळावरची एकच गोष्ट मला खटकली. संध्याकाळी दोन कॅरव्हॅनवाल्यांनी जनरेटर लावले, टीव्हीसाठी. इतक्या लांब येऊन, असल्या आभाळाखाली.

विल्यम क्रीक, मग कूबर पीडी. तिथं माणसं उन्हाच्या तडाख्यापासून वाचायला जमिनीखाली घरं कोरून राहतात. आम्हीही एक रात्र जमिनीखाली झोपलो, आणि तुटक्या चेनच्या तंबूनंतर ती झोप मला फार गोड लागली.

कूबर पीडीत मोबाइलला रेंज आली. अण्णांनी पहिला फोन तात्यांना लावला, स्पीकरवर, रस्त्याच्या कडेला उभं राहून. गावाकडे अजून बाजरीची पेरणी झालेली नव्हती.

"आज लई भरून आलंय," तात्या सांगत होते. "पोरगं म्हणतंय उद्याच पेरू."

"नुसतं भरून आल्यावर पेरू नका," अण्णा म्हणाले. "वीतभर उकर. ओल किती खाली गेलीय ती हातानं बघ. मग पोराला सांग."

तात्या हसले, बरं म्हणाले. अण्णांनी फोन माझ्याकडे दिला आणि मुलांना घेऊन ओपलची दुकानं बघायला गेले.